मदत हवी आहे: डक्टमधली भोकं कशानं बुजवायची? फायरची नोटीस आली आहे

निशिगंध_४०३:
सोसायटीला फायरची, म्हणजे अग्निशमन दलाची, नोटीस आली आहे. डक्टमधली (वायरी-पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतली) उघडी भोकं प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्यानं बंद करा, असं त्यात म्हटलंय. गेल्या महिन्यात एका ठेकेदाराकडून फोम मारून घेतला, ५८ हजार दिले. परवा अधिकारी आले, बोटानं फोम कोरून पाहिला आणि हे चालणार नाही म्हणाले. १५ दिवसांची मुदत, त्यातले ९ गेले. ठेकेदार फोन उचलत नाही. आता नेमकं काय वापरायचं? कृपया लवकर सांगा, रविवारी कमिटीची मीटिंग आहे.

वायरमन_सातारा:
डक्ट कुठली? विजेची, पाण्याची की कचऱ्याची? किती मजले? भोक केवढं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

शेजारधर्म:
आधी सगळ्या मजल्यांवरचे अग्निशामक सिलिंडर तपासा. आमच्याकडे निम्म्यांचा काटा लाल पट्ट्यात होता. रिफिल करून घ्या आणि तारखेचं लेबल लावा.

निशिगंध_४०३:
सिलिंडर नवीन आहेत, नोटिशीत त्यांचा उल्लेखच नाही. डक्ट विजेची. १४ मजले.

रिटायर्ड_फिटर:
मी रिफायनरीत ३१ वर्षं काढली. तिथे केबलच्या प्रत्येक भोकात फायर मॉर्टर भरलेला असायचा. सिमेंटसारखं कालवायचं, भरायचं, संपलं. दगडासारखं बसतं. दुसरं काही बघू नका.

दुबईकर_मिलिंद:
काका, रिफायनरीत केबल एकदा टाकली की वर्षानुवर्षं हलत नाही. सोसायटीत दर दोन महिन्यांनी इंटरनेटवाला येतो आणि ड्रिल घेऊन डक्टमध्ये शिरतो. मॉर्टर फोडून तो वायर नेईल आणि भोक तसंच ठेवून जाईल. मी इथे इमारतींच्या याच कामात आहे. जिथे केबल वरचेवर वाढतात तिथे फायर पिलो, म्हणजे उष्णतेनं फुगणाऱ्या उशा, सोयीच्या पडतात. काढता येतात, परत लावता येतात.

रिटायर्ड_फिटर:
उशा उंदीर नेतात. आणि कुणी काढल्या तर परत लावतं कोण?

वायरमन_सातारा:
भांडण नंतर. ताई, स्लॅबचं भोक केवढं आहे आणि त्यातून काय काय जातं? मीटर खाली एकत्र आहेत की मजल्यावर? फोटो टाकला तर उत्तम.

निशिगंध_४०३:
मीटर तळमजल्यावर. तिथून प्रत्येक फ्लॅटची वायर वेगळी वर जाते, म्हणजे खालच्या मजल्यांवर ५० च्या वर वायरी. शिवाय लिफ्टची आणि पंपाची जाड केबल, टीव्ही, इंटरनेट. भोक साधारण दोन फूट बाय एक फूट. फोमनं भरलंय, पण कडेनं फट दिसते. हे आधीच लिहायला हवं होतं का? मला वाटलं सगळीकडे असंच असतं.

मेधा_ज:
सगळीकडे असंच असतं, म्हणून तर भीती वाटते. आमच्या इमारतीत चार वर्षांपूर्वी मीटर रूमला आग लागली. अर्ध्या तासात विझली, तळमजल्याच्या बाहेर आलीच नाही. पण अकराव्या मजल्यावरच्या आजींना रुग्णालयात न्यावं लागलं, कारण डक्टमधून चढलेला धूर त्यांच्या दारासमोर कोंडला होता. उघडी डक्ट म्हणजे चौदा मजली धुराडं. गरम हवा वर ओढली जाते आणि जळत्या पीव्हीसी वायरींचा धूर सोबत घेऊन जाते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळे-घसा जाळणारं हायड्रोजन क्लोराइड असतं. ज्वाळा पोचायच्या आधीच माणसं धुरानं जातात. २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग तळघरात लागली होती, गुदमरले ते वरच्या मजल्यांवरचे रुग्ण. ९० च्या आसपास माणसं गेली. हे काम केवळ नोटिशीपुरतं समजू नका.

दुबईकर_मिलिंद:
अगदी बरोबर. भोक बुजवायचं ते आग आणि धूर ज्या मजल्यावर आहे तिथेच ठरावीक वेळ अडकावा म्हणून. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये विजेची डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद करायला सांगितलंय. तुमच्या अधिकाऱ्यांना १२० मिनिटं टिकणारं काम हवं का, ते लेखी विचारून घ्या. आता फोमबद्दल: दुकानात मिळणारा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम स्वतः पेट घेतो. फायर फोम असं लिहिलेले गुलाबी डबेही बहुतेक भिंत-चौकटीतल्या अरुंद फटीसाठी तपासलेले असतात, पन्नास वायरींच्या दोन फुटी भोकासाठी नाही. डब्यावरचा शब्द बघू नका, चाचणी अहवाल मागा. त्यात तुमच्यासारखंच भोक, तुमच्यासारख्याच केबल आणि तुमच्याएवढा स्लॅब असायला हवा. आयएस १२४५८, यूएल १४७९ किंवा ईएन १३६६-३, यांपैकी एखाद्या मानकानुसार केलेली चाचणी चालते का तेही त्यांनाच विचारा.

अ_कुलकर्णी:
एवढं कशाला? आम्ही पीओपी भरून वर पुट्टी मारली. दिसतंही छान. कुणी काही बोललं नाही.

वायरमन_सातारा:
कुणी बोललं नाही म्हणजे बरोबर झालं असं होत नाही. दोन वर्षांत तडे जातात आणि केबलभोवती फट राहते. बोटाएवढ्या फटीतूनसुद्धा धूर जातो.

अ_कुलकर्णी:
आमच्याकडे तडे नाहीत.

वायरमन_सातारा:
डक्टचं दार उघडून, वरच्या मजल्याचा दिवा बंद करून खालून टॉर्च मारा. वर उजेड दिसला तर भोक आहे. आजच रात्री करून बघा.

मेधा_ज:
आम्ही उदबत्तीनं पाहिलं होतं. धूर कुठे ओढला जातो ते लगेच कळतं.

वायरमन_सातारा:
विजेच्या डक्टमध्ये पेटती उदबत्ती नको, मेधाताई. तिथे लोक रद्दी आणि रिकामे खोकेही ठेवतात. टॉर्च पुरे.

शेजारधर्म:
खर्च सिंकिंग फंडातून करता येतो का? आमच्याकडे यावरून दोन सभा गाजल्या.

दुबईकर_मिलिंद:
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे सहा दिवस उरलेत.

निशिगंध_४०३:
फोम पूर्ण काढावा लागेल का? वरून काही मारलं तर?

दुबईकर_मिलिंद:
पूर्ण काढा. त्याच्यावर सीलंट, म्हणजे फट भरायची पेस्ट, मारला तर आत इंधन तसंच राहतं. फोम काढल्यावर मी असं करेन: ज्या केबल हलणार नाहीत (मीटरच्या वायरी, लिफ्ट, पंप) त्यांच्याभोवती कोटिंग केलेले दाट रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) बोर्ड कापून बसवायचे आणि कडा, केबलमधल्या फटी फुगणाऱ्या सीलंटनं भरायच्या. हा सीलंट साधारण २०० अंशांच्या आसपास फुगू लागतो आणि वायरीचं आवरण वितळून झालेली पोकळीही भरतो. बोर्डवर कुणाचा पाय पडणार असेल तर खाली आधार हवा, किंवा तेवढ्यात काकांचा मॉर्टर. इंटरनेट-टीव्हीसाठी एका कोपऱ्यात छोटी जागा ठेवून तिथे पिलो, खाली-वर जाळी. मात्र हे सगळं एकाच कंपनीच्या तपासलेल्या जोडणीत बसत असेल तरच. याचा बोर्ड, त्याचा सीलंट असं नको.

रिटायर्ड_फिटर:
जाळी लावणार असाल तर पिलो मला मान्य. ग्लासवूल (काचेची लोकर) मात्र रॉकवूल म्हणून खपवतात, ते लवकर वितळतं. पिवळं दिसलं तर माल परत पाठवा.

वायरमन_सातारा:
आणि चालू लाइनवर हात घालायचा नाही. वीज कंपनीकडून शटडाउन घ्या, लायसन्सवाला वायरमन उभा ठेवा. फोम सुरीनं कोरताना वायरीचं आवरण कापलं गेलं तर आज बुजवलेलं भोक उद्या आगीचं कारण होईल.

मेधा_ज:
मुदतवाढीचा अर्ज आजच द्या. फोम काढायला सुरुवात केल्याचे फोटो, लायसन्सधारक एजन्सीचं कोटेशन आणि कामाचं वेळापत्रक जोडा. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावाच लागतो, तेव्हा त्याच एजन्सीला प्रत्येक मजल्यावर डक्टचं दार उघडून भोक दाखवायला लावा. आमचा फॉर्म बी दरवर्षी नीट भरलेला होता. डक्टमध्ये मात्र कुणी डोकावलं नव्हतं.

निशिगंध_४०३:
अर्ज दिला, पोच घेतली. शनिवारी चार तासांचं शटडाउन मिळालं. पहिल्या ते तिसऱ्या मजल्याचा फोम काढून झाला. तिसऱ्या मजल्यावर फोमखाली स्लॅबच्या कडेला लाकडी प्लायचा तुकडा निघाला, २००९ पासून तसाच असावा. स्लॅब भरताना लावलेला, काढायचा राहिलेला. हा राहू दिला तर चालेल का? वायरमन म्हणतो घट्ट बसलाय.

वायरमन_सातारा:
काढा, घट्ट असला तरी. छिन्नी बाजूच्या स्लॅबवर टेकवा, वायरींकडे नको. आणि चौथ्यापासून वर प्रत्येक मजल्यावर तो आहे का ते बघून इथे लिहा, बोर्डचं माप त्यावरून बदलेल.

निशिगंध_४०३:
चौथ्यावर आहे. पाचव्यावर आहे. सहाव्याचं दार फुगलंय, उघडत नाही. सुताराला सकाळी नऊला बोलावलंय.