विषय: परभणीत शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, मदत हवी आहे

प्रेषक: ताई (सध्या परभणी)

मंडळी, नमस्कार.

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर जूनपासून मी परभणीतच आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आई आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते, सगळ्यांबरोबर बसून जेवते. काळजी नसावी. आज लिहायचं कारण वेगळं आहे.

लंडनमधली शेवटची सात वर्षं माझा शनिवार बुशी पार्कातच उजाडायचा, तिथल्या पार्करनला, म्हणजे दर शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून पाच किलोमीटर पळायचं किंवा चालायचं. नऊच्या ठोक्याला हजारावर माणसं एकदम निघायची, बाजूच्या गवतात हरणं शांत चरत असायची. पाच किलोमीटर झाले की वेळ नोंदवायला आपला बारकोड दाखवायचा आणि मग चहा. पैसे कधी कुणी मागितले नाहीत. इथं आल्यावर शनिवार उजाडला की जीव कासावीस होतो.

परभणीत जागेची अडचण नाही. कृषी विद्यापीठाचं आवार आहे, जुनी मोठी झाडं, डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी-तुरीचे प्लॉट. पहाटे पाचपासून माणसं असतात. पण प्रत्येकजण आपापला. भरतीची पोरं-पोरी घड्याळ लावून एकीकडे, रिटायर मंडळी दुसरीकडे, आणि जोडप्यात नवरा वीस पावलं पुढे. आमच्या शेजारच्या वहिनींना शुगर आहे. रोज चाला असं डॉक्टरांनी बजावलंय. त्या आठ दिवस येतात आणि बंद करतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "एकटीच कुठं चाललीय म्हणून लोक बघायलेत. आणि नाही गेले तर मला कोण विचारायलंय?"

यातलं दुसरं वाक्य माझ्या मनातून जाईना. बुशी पार्कात माझा एक शनिवार चुकला, तर पुढच्या वेळी "मागच्या आठवड्यात दिसला नाहीत" असं कुणीतरी म्हणायचंच. नावही ठाऊक नसलेली माणसं म्हणायची.

इथं तसं काही सुरू करायचं मनात आहे. पार्करन हे नाव त्यांचं, त्यामुळे ते वापरायचं नाही. शनिवार, साडेसहा, पाच किलोमीटर, फुकट, एवढंच. तुमच्यापैकी बरेचजण तिकडे कित्येक वर्षं जाताय. नक्की कशामुळे ते चालतं? काय घ्यायला हवं आणि काय नको?

ताई

---

प्रेषक: उदगीरकर काका (लंडन)

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

कशामुळे चालतं, असं विचारलंत. माझ्या मते उत्तर पार्करनच्या पहिल्या दिवसातच आहे. २ ऑक्टोबर २००४, शनिवार, तुमचं ते बुशी पार्क. पळायला १३ जण. ज्यांनी हे भरवलं ते पॉल सिंटन-ह्युइट त्या दिवशी पळत नव्हते. पाय दुखावला होता आणि हातात नोकरीही नव्हती. पळता येत नाही तर पळणारे मित्र तरी दर आठवड्याला भेटावेत, एवढ्यासाठी ते घड्याळ घेऊन उभे राहिले. म्हणजे हे सगळं सुरू केलं ते पळू न शकणाऱ्या माणसानं. पोहोचेल त्याच्या हातात द्यायच्या नंबराच्या टोकनांसाठी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातले वायसर वापरले होते. तुम्हालाही याहून जास्त सामान लागणार नाही.

आता माझं सांगतो. २०१६ साली माझी बायपास झाली. चार महिन्यांनी हिनं मला ओढतच आमच्या जवळच्या बागेत नेलं. सगळे पुढे निघून गेले. मागे राहिलो मी आणि नारिंगी जाकीट घातलेली एक साठीची बाई. मी म्हटलं, तुम्ही जा पुढे. त्या म्हणाल्या, मला जाताच येत नाही, आज सगळ्यात शेवटी पोहोचायचं काम माझं आहे. टेल वॉकर म्हणतात त्यांना. ५७ मिनिटं आम्ही चाललो. त्यांच्या परसातले टोमॅटो, माझी आई करायची ती अंबाडीची भाजी, असं काय काय बोललो. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. तेव्हापासून महिन्यातून एक शनिवार ते जाकीट मी घालतो.

एवढ्या वर्षांत जे कळलं ते सांगतो, कारण तुम्हाला ते लगेच लागेल. शेवटच्या माणसाला घाई करू नये, टाळ्या वाजवून तर नाहीच. "आलंच आता" हे खरोखर आलं असेल तरच म्हणावं. तो बसला तर आपण बसावं. आणि हे काम वेगानं पळणाऱ्याला देऊ नये. तो कितीही भला असला तरी त्याचे पाय पुढेच पडतात.

बाकी काही नसलं तरी चालेल. हे एक काम मात्र पहिल्या शनिवारपासून असू द्या.

काका

---

प्रेषक: लातूरकर (मँचेस्टर)

ताई, काका,

कल्पना फार आवडली. बारकोड वगैरेच्या मागे लागू नका. एकजण फोनवर लॅप दाबेल, दुसरा वायसर देईल, तिसरा वहीत नंबरापुढे नाव लिहील. घरी येऊन जुळवायचं. पन्नास माणसांपर्यंत काही अडत नाही.

पण वेळ नोंदवाच. भरतीची पोरं तुमच्याकडे आहेत हे मोठं बळ आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सगळा जीव सेकंदांत अडकलेला. वेळ नसेल तर ती थांबणार नाहीत. आपल्या भागातला मुलगा पळून कुठवर जातो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीचं सुवर्ण आणलं, पुढच्या वर्षी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर तुडवणारा आणि पुढे फौजेत गेलेला माणूस आहे तो. या पोरांना घड्याळ हवंच.

---

प्रेषक: नांदेडच्या वहिनी (लीड्स)

ताई, आधी डॉक्टर म्हणून चार गोष्टी. शेजारच्या वहिनी इन्सुलिन घेत असतील किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील, तर उपाशीपोटी येऊ देऊ नका आणि त्यांच्या खिशात साखर किंवा गूळ असू द्या. छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, की थांबायचं, "एवढा राउंड करून घेते" चालायचं नाही. मार्चपासून वेळ अलीकडे घ्या. परभणीचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा येणाऱ्यानं चालायचंच, पळणं दोन महिन्यांनी.

वेळेबाबत मात्र माझं मत जरा वेगळं आहे. पार्करनवाल्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या-त्या बागेचे वेगाचे विक्रम आणि पहिला नंबर कुणी किती वेळा काढला याच्या याद्या संकेतस्थळावरून काढून टाकल्या. कितीतरी जुने पळणारे चिडले. पण माझ्यासमोर रोज अशा बायका बसतात ज्यांना त्या याद्या बघूनच वाटायचं, हे आपल्यासाठी नाही. तिथल्या सगळ्यांची सरासरी आता अर्ध्या तासाच्या वर गेली आहे, सुरुवातीच्या काळापेक्षा बरीच जास्त, आणि आयोजकांना त्याचा आनंद आहे. हळू माणसं आली म्हणूनच सरासरी वाढली ना? २०१८ पासून इथल्या फॅमिली डॉक्टरांची संस्थाच (रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स) पार्करनसोबत काम करतेय. मी स्वतः औषधाच्या चिठ्ठीसोबत शनिवारचा पत्ता देते.

ज्याला वेळ हवी त्याला द्या. यादी मात्र लावू नका.

---

प्रेषक: ताई (परभणी)

सगळ्यांना,

उत्तराला उशीर झाला. सहा शनिवार झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं.

वायसर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाले, "कोणत्या मशीनचे पाहिजेत?" मी सगळं सांगितलं. त्यांनी चाळीस मोजून दिले आणि पैसे घेतले नाहीत. आईनं नेलपॉलिशनं त्यांच्यावर आकडे घातले. दोन दुपारी ती त्यातच रमली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे वाटणार कोण? मी बसते की खुर्ची टाकून." त्यामुळे आमची शेवटची रेघ म्हणजे आईची प्लास्टिकची खुर्ची. रिक्षानं येते, वही मांडीवर घेते, प्रत्येकाला वायसर देते, परत घेते आणि "कुणाचा गं तू?" असं विचारते. काका, पहिल्या दिवसाची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तिचं तिलाच सुचलं.

पहिल्या शनिवारी आम्ही सहाजण होतो. मी, वहिनी, त्यांचा भाचा, भरतीच्या दोघी मुली आणि एक रिटायर गुरुजी. विद्यापीठातून आधीच विचारून ठेवलं होतं. अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या. वहिनी सलवार-कमीज आणि भाच्याचे जुने बूट घालून आल्या होत्या. पहिली फेरी झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही जा, मी थांबते." मी काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं: मला जाताच येत नाही, शेवटी पोहोचायचं काम माझं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दुसऱ्या फेरीला वळल्या. १ तास ४ मिनिटं लागली.

वेळेवरून वाद झाला तो तिसऱ्या शनिवारी. गुरुजींचं म्हणणं, "जे नुसते चालायलेत त्यांचं नाव कशाला लिहायचं? पळणाऱ्यांचं लिहा." भरतीच्या मुलींपैकी धाकटी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, "गुरुजी, मागच्या भरतीत माझे आठशे मीटरचे मार्क गेले तवा माझं नाव बी कुणी लिहिलं नव्हतं. मी यायले ती इथं नाव लिहायलेत म्हणून." पुढे कुणी काही बोललं नाही. आता वहीत सगळ्यांची नावं असतात. वेळ ज्याला हवी त्याच्यापुढेच लिहितो आणि कुठेही लावत नाही. लातूरकर, मुलांना त्यांची वेळ सेकंदासकट मिळते. त्यांच्यातल्या एकाला साबळेचा तो ८:०९.९१ आकडा तोंडपाठ आहे, मला त्यानंच पुन्हा सांगितला.

शेवटी चालायचं काम त्याच मुलानं एकदा हौसेनं मागून घेतलं. काकांचं खरं निघालं. दर दोन मिनिटांनी तो वीस पावलं पुढे असायचा, मग ओशाळून मागे यायचा. पुढच्या आठवड्यापासून ते काम गुरुजींकडे गेलं, आणि त्यांच्याइतका मन लावून चालणारा माणूस मी इकडे-तिकडे कुठेच पाहिला नाही. प्लॉटमधल्या प्रत्येक ज्वारीचं वाण ते सांगत जातात. त्यांच्याबरोबर राहायला मिळावं म्हणून दोन बायका मुद्दाम हळू चालतात.

मला सांगायचं आहे ते चौथ्या शनिवारचं. वहिनी आल्या नाहीत. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही आणि कुठल्या दिवशी किती वाजता येईल याचा नेम नसतो. नळ आला की घरातल्या बाईला हलता येत नाही. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण चहाच्या वेळी धाकटीनं आईच्या वहीत पाहिलं आणि विचारलं, "त्या काकू कुठंत?" मग दोघी मुली परत जाताना वाट वाकडी करून त्यांच्या दारात गेल्या. वहिनी हंडे भरत होत्या. मुलींनी हातातलं सामान ठेवलं, टाकी भरून दिली आणि मग घरी गेल्या. हे मला मुलींनी सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

पाचव्या शनिवारी त्या चाळीस धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. पाच किलोमीटर चालल्याही. शेवटी खुर्चीपाशी येऊन आईला हळूच म्हणाल्या, "माझा टाइम काय आला?" आईनं काही न विचारता वही पुढे केली. ५६ मिनिटं. लीड्सच्या वहिनी, आता यावर तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, मला तर त्यांचा चेहरा बघून फार बरं वाटलं.

काल २३ जण होते. शनिवारी नळ आला तर काय करायचं, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. गल्लीतल्या बायकांसाठी रविवारी तोच रस्ता पुन्हा करायचा विचार चाललाय, पण दोन दिवस शेवटी कोण चालणार हा प्रश्न आहे. थंडी पडायला लागली आहे. डिसेंबरात इथला पारा एक आकडी होतो, तेव्हा किती जण टिकतात ते बघायचं.

वायसर कमी पडायला लागलेत.

ताई

---

प्रेषक: उदगीरकर काका (लंडन)

ताई,

आम्ही दोघं डिसेंबरात उदगीरला येतोय. तिसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री परभणीत मुक्कामाला येऊ. त्या दिवशीचं शेवटचं काम गुरुजींना विचारून माझ्या नावावर लिहून ठेवा. रविवारचं ठरलं, तर तेही.

येताना नारिंगी जाकीट आणतो. आईंना नमस्कार सांगा.

काका