चिल्लरचा डबा आणि अल्झायमर: सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

आमच्या क्लबात मीटिंगला एक डबा फिरतो, खिशातली चिल्लर त्यात टाकायची, पैसे अल्झायमरच्या संशोधनाला. आयडिया आमची नाही, अमेरिकेत साऊथ कॅरोलिनातल्या रोटरीवाल्यांनी १९९० च्या दशकात सुरू केली, कार्ट फंड म्हणतात, नाण्यानाण्यातून संशोधकांना लाखो डॉलरच्या ग्रँट दिल्यात त्यांनी. तुम्ही असा डबा फिरवला असेल तर लिहा, भांडण झालं असेल तर तेही.

मिलवाला
२१ सप्टेंबरला अल्झायमर दिवस असतो, त्या संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यापाशी उभारलो होतो. "म्हातारपणी विसरतंयच की माणूस, त्याला काय संशोधन बे?" हे लई वेळा ऐकलं. एक आजी मात्र थांबल्या, कनवटीचे दहा रुपये टाकले, म्हणाल्या आमचे मालक पहाटे उठून मिलला निघतात, भोंगा झाला म्हणतात. आता मिल बंद पडून किती वर्षं झाली तुम्हाला माहितीये. त्यांना दारातून परत कसं फिरवायचं हे त्या मलाच विचारत होत्या, मी काय सांगणार!

शेंगाचटणी
चिल्लर कुठाय आता, चहाला पण लोक स्कॅन करतात. आम्ही डब्यावर क्यूआर चिकटवला, ट्रस्टच्या खात्याचाच. रक्कम वाढली पण गप्पा बंद झाल्या. नाणं शोधेपर्यंत माणूस चार वाक्यं बोलतो, घरातलं कोणीतरी आठवतं त्याला. स्कॅन करणारा मान हलवतो नि जातो.

पूर्वभागातली सून
मी डब्यात टाकते पण राग पण येतो, स्पष्ट लिहिते. सासूबाईंना हा आजार आहे. आधी आमटीत दोनदा मीठ, मग गॅस तसाच चालू, आता मराठी जवळजवळ गेलंय, फक्त तेलुगू बोलतात आणि मला त्यांची थोरली बहीण समजतात. डोनेपेझिलची गोळी चालू आहे, आजार त्याने थांबत नाही हे डॉक्टरांनी पहिल्यांदाच सांगितलेलं. अमेरिकेत २०२३ ला लेकानेमॅब हे नवं औषध मंजूर झालं, ते पण सुरुवातीच्या टप्प्यातल्यांनाच, शिरेतून द्यायचं आणि मेंदूला सूज येते का बघायला एमआरआय काढत राहायचं. आमची ती वेळ गेली. क्लबवाल्यांनी आठवड्यातून दोन तास कोणी सासूबाईंपाशी बसायला पाठवलं तर मला जास्त उपयोग होईल.

धागाकर्ता
ताई, पटलं. मीटिंगमध्ये विषय काढतो, बघू कोण कोण हात वर करतंय.

कंबर तलाव
पैसे अमेरिकेलाच कशाला? बेंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, सेंटर फॉर ब्रेन रिसर्च आहे, ते कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या खेड्यातल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास करतायत. आपल्यासारखं खाणारी, राबणारी माणसं ती. आमच्यात यावरून जोरदार वाजलं, शेवटी निम्मे निम्मे ठरलं.

आणि सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेत डबा नेऊ नका, पाळण्यांच्या आवाजात कोण ऐकतंय. सकाळी फिरायला येणाऱ्या रिटायर लोकांत जा. पावतीपुस्तक मात्र न्या, पाच रुपयाची पण पावती मागतात.