मदत हवी आहे : जुन्या ऑडी टीटीची आगाऊ देखभाल

सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात मी पुण्यात २०१६ सालची, ५८,००० किलोमीटर चाललेली ऑडी टीटी क्वाट्रो घेतली. अनेक वर्षांची इच्छा होती, त्यामुळे बिघाडाची वाट न पाहता आधीच सगळे नीट करून घ्यावे असे मनापासून वाटते.

सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलच्या नोंदी आहेत, मात्र गिअरबॉक्स ऑइलची एकही नाही. या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे क्लच ऑइलमध्येच फिरत असल्याने ते ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागतात, म्हणून ते काम पहिले धरले आहे. टायरांवर '१२१९', म्हणजे २०१९ च्या बाराव्या आठवड्याचा शिक्का आहे. नक्षी भरपूर असली तरी कडेच्या रबराला बारीक चिरा दिसतात, तेव्हा तेही बदलणार.

खरी अडचण मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या हॅल्डेक्स क्लचची आहे. त्याच्या पंपाच्या जाळीवर क्लचच्या झिजेचा गाळ साचून पंपावर ताण येतो, त्यामुळे पंप काढून जाळी साफ करणे मला आवश्यक वाटते. पण विचारलेले दोन्ही गॅरेजवाले नुसते ऑइल बदलू म्हणतात. हे काम कोणी करून घेतले आहे का? तसेच कूलंटचा पंप गळती नसतानाही आताच बदलावा का? अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.