बारावी बोर्ड आणि सीईटी : आधी काय हाती घ्यावे?

प्रश्न
मी सातारा जिल्ह्यात बारावी विज्ञान शाखेत शिकत असून मला अभियांत्रिकीला जायचे आहे. नोव्हेंबर उजाडला तरी भौतिकशास्त्राचे शेवटचे तीन धडे शिकवून व्हायचे आहेत, रसायनशास्त्राचे जर्नल (प्रयोगवही) अर्धे कोरे आहे आणि सीईटीसाठी, म्हणजे अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेश परीक्षेसाठी, लागणारे अकरावीचे धडे मी यंदा उघडूनही पाहिलेले नाहीत. एसटीच्या प्रवासात रोज दोन तास जातात, त्यामुळे घरी अभ्यासाला जेमतेम चार तास मिळतात. दर रविवारी सर्व विषयांना सारखा वेळ देणारे वेळापत्रक मी आखते आणि मंगळवारपर्यंत ते मोडते. अग्रक्रम कशाला द्यावा?

उत्तर १
वेळ सारखा वाटल्यामुळेच तुमचे वेळापत्रक मोडते आहे, कारण गुण सारखे वाटलेले नाहीत. सीईटीच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. तेथे ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण असतात, तर भौतिक आणि रसायनशास्त्राच्या प्रत्येकी ५० प्रश्नांना १ गुण. राज्यातील बहुतेक जागांची गुणवत्ता यादी सीईटीवर ठरते आणि बोर्डात तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के पुरतात. म्हणून चारपैकी दोन तास रोज गणिताला द्यावेत आणि उरलेल्या दोन तासांत बाकीचे विषय आलटून पालटून घ्यावेत. जर्नल एखाद्या रविवारी उरकता येईल.

उत्तर २
मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. गणिताबद्दल वरील मत मला मान्य आहे, पण जर्नल एका रविवारी उरकण्याचा सल्ला तू मनावर घेऊ नकोस. विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेच्या आधीच होते आणि जर्नलवर शिक्षकांची सही झालेली असावी लागते. दरवर्षी जानेवारीत स्टाफरूमबाहेर जी रांग लागते, तिच्यातील निम्म्या मुलांना आपण लिहिलेल्या टायट्रेशनची रीडिंगे कोठून आली हे सांगता येत नाही आणि तोंडी परीक्षेत नेमके तेच विचारले जाते. ज्या दिवशी प्रयोग होईल त्याच दिवशी तो लिहावा आणि मागचा एक प्रयोग त्याला जोडून घ्यावा. यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. राहिलेले तीन धडे, म्हणजे ड्युअल नेचर, अ‍ॅटम्स अँड न्यूक्लियाय आणि सेमीकंडक्टर डिव्हायसेस, वर्गात शिकवले जाईपर्यंत थांबू नकोस. रोटेशनल डायनॅमिक्सच्या तुलनेत ते सोपे आहेत आणि पाठ्यपुस्तक नीट वाचले तर बरेचसे स्वतःला उमगतात.

उत्तर ३
अकरावीचा मुद्दा दोन्ही उत्तरांत राहून गेला. सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीचा असतो आणि तोही निवडक धड्यांचा, म्हणून बहुतेक जण तो बोर्डानंतरच्या आठवड्यांवर ढकलतात. भौतिक आणि रसायनशास्त्रापुरते ते चालेल. गणितात मात्र त्रिकोणमितीची सूत्रे आणि लिमिट्स कच्चे असतील, तर बारावीचे डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन पाठांतरावरच चालते. तेव्हा गणिताच्या दोन तासांतील पहिले पंधरा दिवस या दोन धड्यांना द्यावेत. एसटीत वही उघडून गणिते सुटत नाहीत, हे मी स्वतः दोन वर्षे पाहिले आहे. परंतु खिडकीजवळ जागा मिळाली तर असेंद्रिय रसायनशास्त्र आणि सूत्रांची उजळणी चांगली होते. फेब्रुवारी ते मार्च या काळात सीईटीचे सराव संच बाजूला ठेवावेत, कारण तेव्हा बोर्डाच्या लेखी परीक्षेसाठी डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) पूर्ण लिहिण्याचा हात बसवावा लागतो आणि पर्याय निवडण्याची सवय त्याच्या आड येते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. उद्यापासून लिमिट्स सुरू करते आणि प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या दिवशी दोन प्रयोग लिहिते. जर्नलमध्ये एकूण नऊ प्रयोग राहिले आहेत, म्हणजे डिसेंबरअखेर सह्या पूर्ण व्हाव्यात. इंग्रजीला मात्र या आराखड्यात जागाच उरलेली नाही. तिचे उतारे रविवारी सकाळी सोडवून पाहते.