पुणे ते रामेश्वर-कन्याकुमारी, पाच माणसं आणि एक क्रेटा: काय घेऊ, काय नको?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या गाडीने रामेश्वर आणि कन्याकुमारी करायचं चाललंय. गाडी २०२१ ची पेट्रोल क्रेटा, मॅन्युअल. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलगी बारा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा आणि आई, वय ७३, दोन्ही गुडघे कुरकुरतात. आईने काशीहून आणलेला गंगेचा गडू कधीचा देवघरात आहे, तो रामेश्वरला वाहायचा म्हणून हा सगळा घाट.

प्रश्न असे. डिकीत पाच जणांचं सामान बसत नाही, तर वर कॅरियर लावू का? टायर कंपनीचेच आहेत, बदलू का? रस्ता बेंगळुरूवरून की कोकण-केरळमार्गे? आईसाठी वेगळं काय करावं?

गाडीच्या तयारीसाठी बजेट बारा हजार. पेट्रोल, टोल, राहणं वेगळं. आणि गाडी बदलायची नाहीये. पुन्हा लिहितो, गाडी बदलायची नाहीये.

गियरबॉक्स
पाच माणसं आणि एवढा पल्ला म्हणजे इनोव्हा हायक्रॉस, दुसरा विचारच नको. मी गेल्या वर्षी घेतली. मधल्या दोन सीट आरामखुर्चीसारख्या, आईंना पाय लांब करून बसता येईल. हायब्रिड असल्याने खर्चही कमी.

सिंहगडरोडकर
साहेब, बजेट बारा हजार.

गियरबॉक्स
अहो तुमची विकून वरचा फरकच भरायचाय ना. क्रेटाला रीसेल चांगला आहे.

पेठेतला
विमानाने मदुराई गाठावं, तिथे टॅक्सी करावी, देवदर्शन करून परत यावं. ७३ वर्षांच्या बाईला गाडीत कोंबून दीड हजार किलोमीटर न्यायची हौस कोणाची? आईंची की तुमची? हे आधी ठरवा, मग कॅरियरचं बघू.

सिंहगडरोडकर
आईचीच. विमानात तिचे कान दुखतात आणि गडू केबिनमध्ये नेऊ देतील याची खात्री नाही, लगेजमध्ये टाकायला ती तयार नाही.

कोल्हापुरी_रस्सा
भावा, पहाटे चारला पुणं सोड. खंबाटकी उजाडायच्या आत मागं पडला पाहिजे. पुढं सातारा ते कागल सहापदरीचं काम चाललंय, कुठं कधी सर्व्हिस रोडवर उतरवतील सांगता येत नाही. कराड आणि पेठ नाक्याच्या पट्ट्यात वेळ धरून चल. आणि दिवाळीत निघणार म्हणजे आख्खं पुणं तुझ्या पुढं असणार. नाष्टा कोल्हापुरात कर, आतल्या पोहे-मिसळीच्या गाड्यांवर, हायवेच्या फूड मॉलवर नको.

स्वाती_मं
कॅरियर नको!! आम्ही गोव्याला जाताना छपरावर बांधायची बॅग घेतली होती, ऑनलाइन, जाहिरातीत ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’. आंबोलीत पाऊस लागला. वॉटरप्रूफ म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडत नव्हतं एवढंच. सासूबाईंची नारायणपेठ त्यात होती. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की चेन नीट लावली नसेल. परतावा आजतागायत नाही.

त्यापेक्षा कडक ट्रॉली बॅगा घरी ठेवा, कापडी डफल बॅगा घ्या. त्या दाबून कोपऱ्यात बसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वाटेतल्या मुक्कामाची एकच वेगळी बॅग करा, प्रत्येकाचा एक जोड, ब्रश, औषधं. ती डिकीत सगळ्यात शेवटी ठेवायची. रात्री लॉजवर तेवढीच काढायची. नाहीतर रोज रात्री आख्खी डिकी रिकामी आणि रोज सकाळी पुन्हा रचा.

गियरबॉक्स
हायक्रॉसला हा प्रॉब्लेम येत नाही.

निळा_डबा
क्रेटाच्या डिकीला ४३३ लिटर आहे, मिडसाइजमध्ये चांगलीच म्हणायची. माझ्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडमध्ये बॅटरी मागे असल्याने २६५ लिटर. तरी आम्ही चौघं व्यवस्थित फिरतो. मायलेज बघून लोक जळतात.

पेठेतला
चौघं आणि पाच यात एक माणूस आणि एक बॅग असतो.

टायर_ट्यूब
टायरवर कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. २३२१ असेल तर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खाच किती उरली याच्याइतकंच वय महत्त्वाचं. रबर कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात, आणि भर उन्हात पाच माणसं भरून १०० ने चालवलं की तोच टायर फुटतो. पाच वर्षांच्या पुढचे असतील तर मी बदलले असते. चार टायर म्हणजे तीस-चाळीस हजार धरा, मिशेलिन घ्या.

दोन, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबाला स्टिकर असतो, त्यावर भरल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते. निघताना टायर थंड असताना तेवढी भरा. स्टेपनीतही भरा, ती कोणी बघत नाही. तीन, नायट्रोजन भरून घ्या.

प्रा_पोटे
नायट्रोजनचं एक थोतांड आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यासाठी तुम्ही पैसे मोजता.

टायर_ट्यूब
प्रश्न दमटपणाचा आहे, टक्क्यांचा नाही. विमानांच्या टायरमध्ये काय भरतात ते बघा.

प्रा_पोटे
विमान सिंहगड रोडवर राहत नाही.

(या विषयावरचे पुढचे बरेच प्रतिसाद संपादकांनी ‘नायट्रोजन: शास्त्र की धंदा’ या वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

मी_अनु
आईंबद्दल कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते. माझी आई ७५ ची, तिच्याबरोबर लांबचे प्रवास केलेत.

पुढची सीट आईंना द्या, पूर्ण मागे सरकवून. मागे मधल्या जागेवर त्यांना अजिबात बसवू नका. एसयूव्हीत चढणं हाच गुडघ्यांना त्रास. प्लास्टिकचं बुटकं स्टूल दीड-दोनशेला मिळतं, ते ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर आधी ते बाहेर. चढताना त्यांनी पाठमोरं होऊन आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना उलट. दर दीड तासाला थांबून पाच मिनिटं चालवायचं, त्यांना नको असलं तरी. पाय सुजतात.

हायवेवर बऱ्याच ठिकाणी भारतीय संडासच मिळतो. घडीची कमोड खुर्ची घेऊन ठेवा, सर्जिकल दुकानात मिळते, डिकीत सपाट पडून राहते. कॅरियरपेक्षा तिची गरज जास्त आहे.

पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गळ्यावर येतो, त्याला बूस्टर सीट. आणि वहिनी गाडी चालवतात का? एकट्याने एवढं ओढू नका.

सिंहगडरोडकर
थँक्यू अनुताई, हे खरंच डोक्यात नव्हतं. बायको चालवते. घाटात तीच चालवते, माझ्या हातात असली की मागचे ओकतात.

रिटायर्ड_आबा
आजकालच्या लोकांना स्टूल लागतं, कमोड लागतं. आम्ही ऐंशीच्या दशकात पद्मिनीतून रामेश्वर केलं आहे. सात माणसं, वर लाकडी फळ्यांचं कॅरियर, त्यावर होल्डॉल आणि स्टोव्ह. इंजिन तापलं की झाडाखाली चहा. पांबनचा रस्त्याचा पूल तेव्हा व्हायचा होता, गाडी मंडपमला ठेवून रेल्वेने पलीकडे गेलो. आता गाडी थेट जाते, तर काय कौतुक!

गडूचं मात्र ऐका. जुन्या गडूची डाग दिलेली कड उन्हाने आणि हादऱ्याने सुटते. डिकीत ठेवू नका. टॉवेलात गुंडाळून बादलीत उभा ठेवा आणि ती बादली कोणाच्या तरी पायाशी. अभिषेकाचं देवळाच्या कार्यालयात आदल्या दिवशी विचारून घ्या.

बेंगलोरी_बंड्या
बेंगळुरूत बरीच वर्षं आहे, तमिळनाडूत कामानिमित्त सतत जाणं होतं. थोडं लांब लिहितो.

रस्ता: पुणे-बेंगळुरू ८४० किमीच्या आसपास, एका दिवसात करू नका. पहिला मुक्काम दावणगिरी किंवा चित्रदुर्ग. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत शिरू नका. तुमकूर रोडवरून नाइस रोड पकडा, थेट इलेक्ट्रॉनिक सिटीला होसूर रोडवर निघता. पुढे एनएच ४४: कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम, नामक्कल, करूर, दिंडिगुल, मदुराई. धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा उतार आहे, ट्रकचे ब्रेक तिथे निकामी होतात. तिसऱ्या गियरमध्ये उतरा, ट्रकच्या पुढे-मागे रेंगाळू नका. मदुराई ते रामेश्वर १७० किमी.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे आणि इथे तो कोणीच काढला नाही. तुमची दिवाळी म्हणजे तिथला पावसाळा. आपल्याकडचा पाऊस जातो तेव्हा तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. रामनाथपुरम बाजूला वर्षाचा बहुतेक पाऊस याच काळात पडतो. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही तेव्हाच. ‘गज’ वादळ नोव्हेंबर २०१८ मध्येच आलं होतं. रामेश्वरजवळची धनुष्कोडी १९६४ च्या डिसेंबरात वाहून गेली. समुद्र खवळला की कन्याकुमारीला विवेकानंद स्मारकाची बोट बंद. रामेश्वरला बावीस तीर्थांचं स्नान म्हणजे ओली फरशी, अनवाणी पाय आणि गर्दी, त्यात पाऊस. आईंचे गुडघे बघता जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी बरा.

कोल्हापुरी_रस्सा
दावणगिरीला मुक्काम म्हणजे लोणी डोसा!! बंड्याभाऊ, कुठला चांगला?

निळा_डबा
लोणी डोसा खरा हुबळीत मिळतो.

बेंगलोरी_बंड्या
हुबळीत? अहो, त्याचं नावच दावणगिरी बेण्णे डोसा आहे. पण वर पावसाचं लिहिलंय ते वाचलं का कोणी?

स्वाती_मं
बेळगावचा कुंदा विसरू नका, धारवाडचा पेढा पण. येताना घ्या, जाताना घेतला तर मदुराईपर्यंत संपतो. आणि एक वेगळी बॅग मुक्कामाची, हे मी वर सांगितलंच आहे.

टोलनाका
फास्टॅगचा वार्षिक पास काढा, १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालाय. तेव्हा तीन हजाराला होता. एकदा काढला की सगळे टोल फुकट.

प्रा_पोटे
फुकट नाहीत आणि सगळेही नाहीत. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. टोलनाका ओलांडला की एक फेरी. आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवे. वर सांगितलेला नाइस रोड खाजगी आहे, तिथे पैसे कापले जाणार. आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसुद्धा त्यात येत नाही.

टोलनाका
तेच म्हणालो मी. माझ्या टॅगमधून गाडी पार्किंगमध्ये उभी असताना टोल कापला गेला होता, तक्रार करून बँकेने महिनाभर झुलवलं. एसएमएस चालू ठेवा. वाटेत गाडी बंद पडली तर १०३३ लावा, महामार्ग प्राधिकरणाचा नंबर आहे.

हौशी_ड्रायव्हर
ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे क्रेटाचं मायलेज पडलंय का हो कुणाचं?

गियरबॉक्स
हा विषय काढू नका, संपादक धागा बंद करतील.

निळा_डबा
हिशेब करून दिला: जाऊन येऊन सव्वातीन ते साडेतीन हजार किमी, १४ चं मायलेज धरलं तर अडीचशे लिटरच्या आत-बाहेर. हायब्रिडला याच्या निम्म्याला थोडं वर लागलं असतं. बाकी तुमची मर्जी.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री आख्खा धागा आईला वाचून दाखवला. निर्णय तिनेच घेतले, मी फक्त लिहितोय.

गाडी तीच. कॅरियर नाही, डफल बॅगा घेतल्या, मुक्कामाची वेगळी बॅग ठरली. बूस्टर सीट, स्टूल, कमोड खुर्ची, बारा व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चर किट. हजार-बाराशे उरलेत. टायर दाखवून आलो. दुकानदार म्हणाला भेगा नाहीत, खाच भरपूर आहे, अजून वर्ष काढा. पुढचे मागे, मागचे पुढे करून दिले.

बंड्याभाऊ, तुमचं पटलं होतं. फेब्रुवारीचं मी मांडूनही पाहिलं. मुलीची परीक्षा मध्ये येते, आणि आईला कार्तिकच हवाय. तिचं म्हणणं, "राजापुरात जन्म गेला, मला पावसाचं काय सांगता." त्यामुळे दिवाळीतच जातोय. दोन दिवस जास्तीचे ठेवलेत, वादळाची बातमी आली तर मदुराईतच थांबू. बावीस तीर्थं ती करणार नाही, गडू वाहिला की झालं, असं स्वतःच म्हणाली.

आणि परतीला कन्याकुमारीहून केरळ, उडुपी, गोकर्ण करत एनएच ६६ ने राजापूर. तिला माहेरी सोडायचंय.

कोल्हापुरी_रस्सा
अरे केरळात त्या रस्त्याचं काम चाललंय रे! गावागावातून जातोय तो. दिवस जास्त लागतील.

बेंगलोरी_बंड्या
निदान हवामान खात्याचं रामनाथपुरमचं रोज बघत चला. आणि धनुष्कोडीला सकाळीच जा, संध्याकाळी पोलीस परत फिरवतात.

टायर_ट्यूब
टायर विकणारा माणूस बदलू नका म्हणाला? मग ऐका त्याचं.

पेठेतला
म्हणजे विमान नाहीच.

रिटायर्ड_आबा
गडू बादलीत. डिकीत नको.

वाट_चुकलेला
धागा वर काढतोय. हायक्रॉस घ्यायचा विचार आहे, पुण्यात वेटिंग किती चाललंय? आई नाहीये बरोबर, फक्त कुत्रा.