गारवा वितळण्यात आहे

काही जण म्हणतात की फ्रीजरमधून नुकताच काढलेला उणे 18 अंशांचा बर्फ सरबत दुप्पट गार करतो. हिशेब तसा लागत नाही. 1 ग्रॅम बर्फ उणे 18 वरून 0 अंशावर येताना जेमतेम 38 ज्यूल उष्णता घेतो. तोच पुढे वितळताना सुमारे 334 ज्यूल. त्यामुळे गाडीवरचा पाणी सुटलेला बर्फही सरबताला पुरतो. (तो कुठल्या पाण्याचा असतो, हा वेगळा विषय!)

पॉट आइस्क्रीमला (बर्फाच्या बादलीत दुधाचा डबा हँडलने फिरवून करतात ते) बर्फात मीठ लागतं हे खरं, पण ‘मीठ बर्फ टिकवतं’ असं जे म्हणतात ते अगदी उलटं. मिठामुळे बर्फ 0 च्या खालीही वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढतो. मीठ भरपूर असेल तर मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. नुसत्या बर्फात हँडल कितीही फिरवा, दूध गोठणार नाही, कारण साखर घातलेलं दूध 0 अंशाला गोठतच नाही. आणि बादलीत साचलेलं खारं पाणी लगेच ओतून देऊ नका. बर्फाच्या खड्यांपेक्षा तेच डब्याला सगळीकडून भिडतं. फक्त झाकणापर्यंत चढू देऊ नका, नाहीतर आइस्क्रीम खारट.