लाकडी सांगाड्याच्या इंग्लिश पबचे भाग: मराठीत काय म्हणावं?

पानपूरक
इंग्लंडमधल्या जुन्या टिंबर-फ्रेम पबांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. अडलेले शब्द: हाफ-टिंबर्ड, जेटी, ड्रॅगन बीम, ग्रीन ओक, वॉटल अँड डॉब, गॅलरी. जेटीला 'सज्जा' आणि हाफ-टिंबर्डला 'अर्धलाकडी' लिहिलंय. चालेल का?

तुळवट
दोन्ही बदला. सज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेली, उभं राहायची जागा. भिंत तिच्या मागे असते. जेटीत अख्खा वरचा मजलाच भिंतीसकट पुढे येतो, साधारण दीड ते दोन फूट. खालच्या मजल्याच्या कड्या (वरची जमीन पेलणारी लाकडं) दर्शनी तुळईवरून बाहेर काढायच्या, त्यांच्या टोकांवर आडवी तुळई टाकायची आणि वरची भिंत तिच्यावर उभी करायची. मी सरळ 'पुढे काढलेला मजला' लिहीन. 'जेटी' तसंच ठेवलंत तर कोकणातला वाचक बंदराचा धक्का शोधेल.

या कड्या आडव्या टाकलेल्या असतात, म्हणजे रुंदी जास्त आणि जाडी कमी. आज आपण कडी उभी टाकतो, कारण तशी ती कमी वाकते. त्यामुळे मूळ मजकुरात रुंदी आधी आणि जाडी नंतर दिली असेल तर ती चूक समजून आकडे उलटे करू नका.

इमारत कोपऱ्यावर असेल आणि मजला दोन्ही रस्त्यांवर पुढे काढायचा असेल, तर कड्यांची दिशा कोपऱ्यात बदलावी लागते. तिथे आतून कोपऱ्याकडे एक तिरपी तुळई जाते आणि दोन्ही बाजूंच्या कड्या तिच्यात अडकतात. हाच ड्रॅगन बीम. नाव वाचून कोरीव ड्रॅगन शोधू नका. छपरातल्या कोनवाशाच्या धर्तीवर 'कोनतुळई' म्हणता येईल. तिच्याखालचा कोपऱ्याचा खांब पुष्कळदा झाडाचा बुंधा उलटा करून घडवलेला असतो, मुळाकडची जाड बाजू वर. रुंद माथा आयताच मिळतो आणि तिरप्या तुळईला टेकायला जागा होते.

कूडमाती
'अर्धलाकडी'मुळे निम्मा भार लाकडावर आणि निम्मा भिंतीवर असा समज होतो. भार सगळा सांगाड्यावर असतो, मधली भिंत नुसता भराव. 'लाकडी सांगाड्याची' पुरे. दोन मुख्य चौकटींमधल्या अंतराला आपल्याकडे 'खण' आहेच: तीन खणी पब, पाच खणी पब. त्याला 'बे' लिहून वर तळटीप कशाला द्यायची?

वॉटल अँड डॉब म्हणजे कुडाची लिंपलेली भिंत. कोकणात कारवी, तिकडे हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या. ओकचे उभे दांडे वरच्या तुळईतल्या भोकांत घालून खाली सलग खाचेत सरकवतात, मग त्यांच्यातून हेझल विणतात. दोन्ही बाजूंनी माती, गवताचा काला आणि शेण यांचं लिंपण, शेवटी चुन्याचा हात. यातून एक उपयोगाची खूण मिळते. पबमधल्या तुळईच्या पोटाला ओळीने रिकामी भोकं दिसली तर तिथे पूर्वी कुड होता. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या तिरप्या खाचा ओळीने दिसल्या तर काच नसलेली गजांची खिडकी होती. मालक 'जहाजाचं लाकूड आहे' असं हौसेने सांगतात आणि त्याचा पुरावा म्हणून हीच भोकं दाखवतात. सरसकट विश्वास ठेवू नका. वाकडी लाकडंही बहुतेक वेळा मुद्दाम वाकड्या झाडातूनच काढलेली असतात.

पानपूरक
ग्रीन ओक 'हिरवा ओक' केला होता, तो खोडतो. 'ओला ओक' बरोबर ना?

तुळवट
हो, ओला. म्हणजे नुकताच पाडलेला, न वाळवलेला. वाळलेला ओक हातहत्यारांनी घडवणं फार जड जातं, म्हणून ओलाच घडवून उभा करत आणि तो जागेवर वाळे. वाळताना लांबीत जवळपास फरक पडत नाही, रुंदीत पडतो: २०० मिमीच्या तुळईत १० ते १५ मिमीसुद्धा. म्हणून लांब उभ्या चिरा पडतात, तुळया पिळतात, जमिनी कलतात. मजकुरात 'क्रॅक' आलं तर 'तडा' लिहू नका, तडा म्हटलं की वाचकाला धोका वाटतो. 'चीर' लिहा.

सांधा वाळूनही सुटू नये याची युक्ती मेखेत आहे. कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली, खाचेत शिरणारी जीभ. कुसवाचं भोक खाचेच्या भोकाशी नेमकं जुळवत नाहीत, ३ मिमीच्या आसपास खांद्याकडे सरकवून पाडतात. वाळलेल्या ओकची निमुळती मेख ठोकली की ती किंचित वाकते आणि कुसू आत ओढून धरते. अंतर जास्त ठेवलं तर मेख मोडते किंवा कुसवाचं टोक फाटतं. इथे खिळे नकोतच. ओकमधल्या टॅनिनने लोखंड गंजतं आणि लाकडावर निळेकाळे डाग उतरतात.

सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवत आणि प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत. चारची खूण बहुधा चार उभ्या रेघा. मग सगळं सोडवून जागेवर पुन्हा उभं करत. मँचेस्टरचा ओल्ड वेलिंग्टन पब ही १५५२ची इमारत. १९७०च्या दशकात ती होती तिथेच सव्वा मीटरहून जास्त उचलली. १९९६च्या बॉम्बस्फोटानंतर ती सुटी करून सुमारे ३०० मीटरवर पुन्हा जोडली. दगडविटांच्या भिंतीला हे इतकं सहज झेपलं नसतं.

कूडमाती
बिघडतं कुठे, तेही नीट लिहा, तिथे भाषांतरं घसरतात. वाड्याचा खांब तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, सुटा उभा असतो. या चौकटीचे खांब मात्र जोत्यावर आडव्या टाकलेल्या सलग तुळईत रोवलेले असतात. रस्त्याची पातळी वर्षानुवर्षं चढते, जोतं बुडतं आणि आधी ती तुळई कुजते. दुसरं कारण सिमेंट. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट धरून ठेवतं. सिमेंटचा गिलावा आणि लाकूड यांच्यात फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुरुस्ती करताना कुजलेला पाय कापून नवा ओक लांब तिरप्या सांध्याने जोडतात, अख्खा खांब बदलत नाहीत.

डेथवॉच बीटलला 'वाळवी' अजिबात नको. तो भुंगेरा आहे, ओलसर आणि बुरशी लागलेल्या ओकवर वाढतो. औषध मारण्याआधी ओल थांबवावी लागते.

पानपूरक
आणि गॅलरी? संदर्भ लंडनच्या साउथवर्क भागातल्या जॉर्ज इनचा आहे.

तुळवट
तिथे 'चौकाकडचा सोपा' (ओसरी या अर्थाने) चांगला बसेल. १६७६च्या आगीनंतर १६७७मध्ये ते पुन्हा बांधलं. खोल्यांची दारं चौकाकडे उघड्या लाकडी सोप्यात उघडतात. चौकाच्या बाकीच्या बाजू १८८९मध्ये रेल्वेने पाडल्या, दक्षिणेची तेवढी उरली, म्हणून आज फोटोत चौक कळत नाही. पूर्ण चौक पाहायचा तर ग्लॉस्टरचं न्यू इन, साधारण १४५०चं, इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधलेलं. आणि 'इन'ला पब म्हणू नका, तिथे मुक्कामाची सोय असे. 'सराई' चालेल. 'गुत्ता' मात्र नको, अगदीच वेगळा वास येतो.

चुनखडी
एक भर. मजकुरात 'काळंपांढरं ट्यूडर' (ट्यूडर राजांच्या, म्हणजे मुख्यतः सोळाव्या शतकाच्या काळातलं) असेल तर तारीख तपासा. ओकला काळं फासण्याची टूम बरीचशी व्हिक्टोरियन काळातली. त्याआधी ओक तसाच करडा पडू देत किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुना लावत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दारूकंपन्यांनी विटांच्या भिंतीवर फळ्या ठोकून असे पुष्कळ पब उभे केले. ओळखायचं तर मेखांची टोकं शोधा. शिवाय खांब खालच्या तुळईत शिरतो की नुसता तिच्यापाशी येऊन थांबतो, ते बघा. थांबत असेल तर मराठीत 'सांगाडा' लिहू नका, 'फळ्यांची नक्षी' लिहा.